घरून दफ्तर उघडताना

सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद आणि मुद्रणपूर्व कामे करणारे स्टुडिओ यांच्या पुष्कळ कार्यालयांत आजही एखाद्या टेबलाखाली सर्व्हर, नाहीतर दोन-चार डिस्कची साठवण-पेटी अहोरात्र चालू असते. प्रत्येक संगणकावर ती ‘झेड ड्राइव्ह’ किंवा ‘शेअर्ड फोल्डर’ या नावाने दिसते आणि अशिलांची, पक्षकारांची, गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षांची कागदपत्रे तिच्यात साठत जातात. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा माणसे घरी आणि दफ्तर कार्यालयात अशी स्थिती उद्भवली. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने सेवाक्षेत्रातील कंपन्यांना घरून काम करून घेण्यासाठी असलेल्या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. मोठ्या कंपन्यांनी आपली व्यवस्था काही दिवसांत वाढवली, पण पाच ते पन्नास माणसांच्या कार्यालयांनी जे हाती आले ते वापरले आणि त्या घाईतील पुष्कळसे निर्णय अजून तसेच चालू आहेत.

दूरवरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरण्यासाठी कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवर जो प्रोग्राम बसवावा लागतो, त्याला ‘व्हीपीएन क्लायंट’ म्हणतात. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटवरून जाणारा, पण दोन टोकांनाच उलगडता येईल अशा रीतीने कूटबद्ध केलेला खाजगी मार्ग. दुसऱ्या देशातले चित्रपट पाहण्यासाठी किंवा आपला ठावठिकाणा झाकण्यासाठी ज्यांची जाहिरात होते त्या व्हीपीएन-सेवांचे तंत्र याच कुळातले असले, तरी त्या वापरणाऱ्याला परक्या सर्व्हरवर नेऊन सोडतात आणि कार्यालयातील फाइल उघडण्याच्या कामी त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. मासिक वर्गणी भरल्यावर हे लक्षात येणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

क्लायंटची निवड बहुतेक ठिकाणी उलट्या टोकाकडून होते. आधी प्रोग्राम उतरवून घेतला जातो, मग तो चालत का नाही याचा शोध सुरू होतो आणि शेवटी ज्या फाइलसाठी हा खटाटोप मांडला तिचा विचार होतो. फाइल कोणती, तिच्याशी प्रोग्रामचे बोलणे कसे चालते आणि कार्यालयाच्या टोकाला असलेल्या पेटीची निगा कोण राखणार, हे आधी ठरले तर क्लायंटची निवड जवळजवळ आपोआप होते.

लॅपटॉपमध्ये काय घडते

क्लायंटमधले ‘कनेक्ट’चे बटण दाबल्यावर लॅपटॉपमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड जागे होते. खरे कार्ड घरच्या वायफायशी बोलत असते, तर या आभासी कार्डाला कार्यालयाकडून दुसरा पत्ता मिळतो. त्याच वेळी क्लायंट संगणकाच्या मार्गसूचीत, म्हणजे कोणत्या पत्त्याची माहिती कोणत्या कार्डातून पाठवायची हे सांगणाऱ्या यादीत, नव्या नोंदी करतो. कार्यालयातील सर्व्हरच्या पत्त्याकडे निघालेली माहितीची प्रत्येक पुडी (पॅकेट) मग आभासी कार्डाकडे वळते, तिथे ती कूटबद्ध होते, तिच्यावर कार्यालयाच्या सार्वजनिक पत्त्याचे वेष्टण चढते आणि ती नेहमीच्या ब्रॉडबँडवरून निघते. कार्यालयातील राऊटर किंवा फायरवॉल वेष्टण काढून आतली पुडी सर्व्हरला देतो. या सगळ्याला ‘बोगदा’ म्हणण्याची रीत आहे.

मार्गसूचीतील नोंदी किती व्यापक असाव्यात यावरून दोन पद्धती पडतात. ‘पूर्ण बोगदा’ पद्धतीत लॅपटॉपची सगळीच वाहतूक, अगदी बातम्यांचे संकेतस्थळसुद्धा, कार्यालयामार्गे जाते. ‘विभाजित बोगदा’ पद्धतीत केवळ कार्यालयाच्या पत्त्यांची वाहतूक बोगद्यात शिरते आणि बाकीची थेट बाहेर पडते. विंडोजमधील अंगभूत क्लायंटमध्ये पूर्ण बोगदाच मुळात निवडलेला असतो. परिणामी व्हीपीएन लावून व्हिडिओ-बैठकीला बसलेले पाच जण कार्यालयाच्या जोडणीवर दुहेरी भार टाकतात आणि ‘व्हीपीएन लावले की नेट मंदावते’ ही तक्रार सुरू होते. विभाजित बोगद्याने ती मिटते, मात्र तेव्हा लॅपटॉप एकाच वेळी घरच्या असुरक्षित जाळ्याशीही जोडलेला राहतो. गोपनीय दावे सांभाळणाऱ्या वकिलाने आणि आराखडे काढणाऱ्या स्टुडिओने या प्रश्नाचे उत्तर एकच द्यावे असे नाही.

पत्त्यांची टक्कर

क्लायंट ‘कनेक्टेड’ असे हिरव्या अक्षरांत दाखवतो आणि तरीही झेड ड्राइव्ह उघडत नाही, या तक्रारीचे एक नेहमीचे कारण माहितीपत्रकात क्वचितच आढळते. घरगुती राऊटर कारखान्यातून येतानाच १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या मालिकेतले पत्ते वाटण्यासाठी सज्ज असतात. लहान कार्यालयातही तशाच पेटीवर जाळे उभारलेले असते आणि कोणी ती मालिका बदललेली नसते. समजा, कार्यालयातील सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० असा आहे आणि कर्मचाऱ्याच्या घरचे वायफायही १९२.१६८.१ याच मालिकेत आहे. लॅपटॉपला सर्व्हर हवा असतो तेव्हा मार्गसूची सांगते की हा पत्ता याच घरात आहे. मग तो घरच्या जाळ्यात हाका मारत बसतो, जिथे त्या पत्त्यावर एखादा टीव्ही असेल किंवा काहीच नसेल. बोगदा शाबूत असतो, पण त्यात कोणी शिरत नाही. उपाय स्वस्त आहे. व्हीपीएन बसवण्याआधीच कार्यालयाची मालिका १०.७३.४१ अशी, घरांत सहसा न आढळणारी करून घ्यावी. त्यासाठी प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र यांचे पत्तेही बदलावे लागतात, म्हणून एक रविवार मोडतो; पण नंतरच्या कितीतरी तक्रारी त्यातून वाचतात.

दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. बाहेरून आत येण्यासाठी कार्यालयाला इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा जगभर तुटवडा असल्यामुळे अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात आणि ग्राहकाच्या राऊटरला १००.६४ ते १००.१२७ या, २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातला अंतर्गत पत्ता मिळतो. अशा जोडणीत आतून बाहेर जाता येते, बाहेरून आत मात्र येता येत नाही. म्हणून ‘स्टॅटिक आयपी’ वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. तो मिळत नसेल, तर दोन्ही टोकांनी आतून बाहेर येऊन मध्यस्थाच्या साहाय्याने भेटायचे, हा मार्ग उरतो. कॅनडातील टोरांटो येथे २०१९ मध्ये सुरू झालेली टेलस्केल ही सेवा याच तत्त्वावर चालते. स्टॅटिक आयपी नसलेल्या लहान कार्यालयाची ती खरीखुरी सोय आहे. मात्र कोणते यंत्र कोणाला भेटू शकते याची नोंदवही त्या परदेशी कंपनीकडे राहते, हे समजून-उमजून स्वीकारायला हवे.

क्लायंटची कुळे

बाजारात क्लायंटची नावे शेकडो असली, तरी त्यांच्या पोटात दोन टोकांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे जे नियम असतात, त्यांची कुळे मोजकीच आहेत. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. सर्वांत जुने पीपीटीपी हे कूळ नव्वदच्या दशकात विंडोजबरोबर घरोघर पोचले. त्यातील ओळख पटवण्याची पद्धत कमकुवत असल्याचे १९९८ पासून दाखवले जात होते आणि २०१२ मध्ये ती पद्धत निश्चितपणे फोडता येते हे जाहीर प्रात्यक्षिकाने सिद्ध झाले. ॲपलने २०१६ मध्ये ते आपल्या प्रणालींतून काढून टाकले. विंडोज सर्व्हरच्या पुढील आवृत्त्यांतून पीपीटीपी आणि त्यानंतरचे एलटूटीपी ही दोन्ही निवृत्त करणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये सांगितले. तरीही जुन्या राऊटरच्या पडद्यावर हा पर्याय सर्वांत सोपा म्हणून वर दिसतो आणि घाईच्या दिवशी तोच निवडला जातो. तो निवडू नये, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

विंडोज, मॅक आणि आयफोन यांच्यात मुळातच असलेला आजचा चांगला पर्याय म्हणजे आयपीसेकवर आधारलेला आयकेईव्ही२. वेगळा प्रोग्राम बसवावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावर गेले तरी जोडणी न तोडता पत्ता बदलण्याची तरतूद त्यात २००६ मध्येच झाली, त्यामुळे पुणे-मुंबई प्रवासात काम करणाऱ्याला तो सोयीचा पडतो. मात्र त्याला यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे क्रमांकांचे दरवाजे लागतात आणि हॉटेल किंवा रुग्णालयातले पाहुण्यांसाठीचे वायफाय नेमके तेच बंद ठेवते, असा अनुभव पुष्कळांना येतो.

ओपनव्हीपीएन या कुळाचा जन्मच प्रस्तुत विषयातून झाला आहे. जेम्स योनन हे प्रोग्रामकार मध्य आशियात प्रवास करत असताना तिथल्या इंटरनेट सेवांमधून अमेरिकेतील आपल्या कामाशी जोडलेले असत. ती माहिती किती परक्या हातांतून जाते, या काळजीतून त्यांनी हा प्रोग्राम लिहिला आणि २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. संकेतस्थळांसाठी सर्वत्र उघडा असलेला टीसीपीचा ४४३ क्रमांकाचा दरवाजा वापरण्याची त्याला मुभा आहे. त्यामुळे जिथे बाकीचे अडतात तिथे तो बहुधा पार होतो, फक्त त्या वाटेने त्याची गती घटते, कारण हरवलेल्या पुड्या पुन्हा पाठवण्याचे काम बोगद्याच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही थरांवर एकदमच चालू होते.

वायरगार्ड हे सर्वांत नवे कूळ जेसन डोननफेल्ड यांनी घडवले. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या ५.६ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला. त्याचा गाभा सुमारे चार हजार ओळींचा आहे, म्हणजे जाणकार तो वाचून तपासू शकतो. जुन्या कुळांच्या बाबतीत ही गोष्ट कल्पनेपलीकडची होती. अनोळखी पुडी आली तर तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला दार आहे हेच कळत नाही. पण त्यात नाव आणि पासवर्ड नसतो. प्रत्येक यंत्राची एक गुप्त किल्ली असते आणि ती छोट्याशा मजकूर-फाइलमध्ये लिहिलेली असते. ही फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवण्याची पद्धत सर्रास आढळते. ती पाठवली की किल्ली फोनमध्ये, बॅकअपमध्ये आणि चुकून दुसऱ्या गटातही जाऊन पडते. शिवाय विंडोजवर वायरगार्डचा अधिकृत क्लायंट चालू-बंद करायला मुळात प्रशासकाचे अधिकार लागतात. साध्या खात्यावर काम करणाऱ्या आर्टिकलशिपच्या विद्यार्थ्याला ते बटण दाबता यावे म्हणून वेगळी मांडणी करावी लागते आणि ती न करता सगळ्यांना प्रशासक करून टाकणे हा धोकादायक शॉर्टकट आहे.

याखेरीज सिस्को, फोर्टिनेट, पालो आल्टो यांसारख्या फायरवॉल बनवणाऱ्या कंपन्यांचे आपापले क्लायंट आहेत. कार्यालयात त्यांची पेटी असेल तर निवड झालेलीच असते. प्रश्न उरतो तो परवान्याच्या नूतनीकरणाचा.

फाइल दुरून उघडते तेव्हा

एवढे जमल्यावरही खरा अडथळा पुढे उभा राहतो आणि तो क्लायंट बदलून सुटत नाही. विंडोजचे शेअर्ड फोल्डर एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलने चालते. हा प्रोटोकॉल एकाच इमारतीतील जाळ्यासाठी घडला. फोल्डर उघडताना, यादी दाखवताना, फाइलचा एकेक तुकडा वाचताना त्याची सर्व्हरशी सतत प्रश्नोत्तरे चालू असतात. इमारतीच्या आत एका प्रश्नोत्तराला अर्धा मिलिसेकंद लागतो असे धरले, तर दोन हजार प्रश्नोत्तरे एका सेकंदात उरकतात. घर ते कार्यालय या वाटेवर तेवढ्याच फेरीला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर त्याच दोन हजार फेऱ्या एकामागून एक व्हायला ८० सेकंद जातात. जोडणी १०० एमबीपीएसची असो वा ३००ची, या हिशेबात फरक पडत नाही, कारण वेळ वाहून नेण्यात जात नसून वाट पाहण्यात जातो. नव्या आवृत्त्यांत अनेक प्रश्न एकदम पाठवण्याची सोय झाली आहे, तरी प्रोग्राम स्वतःच एका उत्तरासाठी थांबून पुढचा प्रश्न विचारत असेल तर ती सोय वाया जाते.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामचा विदा-फोल्डर व्हीपीएनवरून थेट उघडणे म्हणूनच त्रासाचे ठरते. नोंद करताना प्रोग्राम अनेक लहान फाइलींना एकाच वेळी हात लावतो आणि मधेच वीज गेली किंवा नेट तुटले तर त्यातल्या काही लिहिलेल्या, काही अर्धवट राहतात. लेखापरीक्षण अहवालाच्या ३० सप्टेंबरच्या मुदतीआधीच्या आठवड्यात असे होणे किती महागात पडते, हे त्या व्यवसायातील कोणालाही सांगायला नको. अशा कामासाठी फाइल घरी आणण्याऐवजी कार्यालयातील संगणकाचा पडदाच घरी आणावा, म्हणजे व्हीपीएनच्या आत ‘रिमोट डेस्कटॉप’ वापरावा. हिशेबाचा प्रोग्राम आणि त्याचा विदा दोन्ही कार्यालयातच राहतात, बोगद्यातून फक्त चित्र आणि कळफलकाचे ठोके जातात आणि नेट तुटले तरी तिकडचे काम जिथल्या तिथे थांबलेले सापडते. हाच रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनशिवाय, राऊटरमध्ये ३३८९ क्रमांकाचा दरवाजा उघडून वापरणे ही मात्र टाळेबंदीच्या काळातली सर्वांत धोकादायक सवय होती.

वर्ड किंवा एक्सेलच्या सुट्या फाइली व्हीपीएनवरून बऱ्यापैकी उघडतात. मांडणीच्या कामात वेगळीच गुंतागुंत होते. दिवाळी अंकाच्या पानांच्या फाइलीत चित्रे प्रत्यक्ष नसतात, ती कोणत्या मार्गावर आहेत एवढीच नोंद असते. कार्यालयात तो मार्ग ‘झेड’ने सुरू होत असेल आणि घरच्या लॅपटॉपवर तेच फोल्डर ‘वाय’ म्हणून जोडले गेले असेल, तर पान उघडताच सगळ्या चित्रांचे दुवे तुटलेले दिसतात. म्हणून ड्राइव्हचे अक्षर सर्वत्र एकच ठेवण्याचा नियम लागतो. त्यातच चित्रे मोठी असतात. कार्यालयाच्या जोडणीचा बाहेर पाठवण्याचा वेग २० एमबीपीएस असेल आणि पाच जण एकदम काम करत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार येतात आणि ५० एमबीच्या एका फाइलीला १०० सेकंद लागतात. नेटची जाहिरात उतरवण्याच्या वेगाची असते. दफ्तर घरी पोचवताना कार्यालयाचा चढवण्याचा वेग मोजावा लागतो.

दाराची राखण

व्हीपीएन हे कार्यालयाच्या भिंतीत मुद्दाम पाडलेले दार आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के वाहून नेणारी कलोनियल पाइपलाइन मे २०२१ मध्ये बंद ठेवावी लागली, तेव्हा हल्लेखोर वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून शिरले होते. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही तपासणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइनची, त्या वेळच्या दराने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. फोनवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी संकेतांक विचारण्याची सोय आज जवळपास प्रत्येक गंभीर व्हीपीएनमध्ये असते किंवा जोडता येते आणि ज्या व्यवस्थेत ती जोडताच येत नाही ती बाद करायला एवढे एक कारण पुरेसे आहे.

पण पासवर्ड चांगला असूनही पेटीच फुटते, तेव्हा क्लायंट काहीच करू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन-पेट्यांतील त्रुटींचा प्रत्यक्ष गैरवापर उघड झाल्यावर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने केंद्रीय खात्यांना त्या पेट्या ४८ तासांच्या आत जाळ्यातून काढण्याचा आदेश दिला. मोठ्या खात्यांकडे असा आदेश देणारे आणि पाळणारे लोक असतात. लहान कार्यालयात ती पेटी बसवून देणारा तंत्रज्ञ वर्षातून दोनदा येतो आणि तिची सुधारणा ‘चालतंय ना, मग हात नको लावू’ या न्यायाने पुढे ढकलली जाते. ही सवय बदलण्याची तयारी नसेल, तर फुकट मिळणारा ओपनव्हीपीएन स्वतः उभारण्यापेक्षा वर्गणी घेऊन देखभाल करणारी सेवा किंवा फाइलींपुरती क्लाउडमधील साठवण स्वीकारणे अधिक प्रामाणिक ठरते.

भारतात संगणकीय आणीबाणी प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन-सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी असे सांगितले. त्यानंतर काही परदेशी सेवांनी भारतातील सर्व्हर हटवले. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नसल्याचे पुढे प्रश्नोत्तरांतून स्पष्ट करण्यात आले. तरी त्याच निर्देशांतील दोन अपेक्षा कार्यालयांनाही लागू आहेत: सायबर घटनेची खबर सहा तासांत देणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवणे. बहुतेक घरगुती राऊटर बंद करून चालू केले की नोंदी पुसून टाकतात, म्हणून व्हीपीएन कोणत्या पेटीवर बसवायचे हे ठरवताना नोंदी दुसरीकडे पाठवता येतात की नाही, तेही पाहावे लागते.

निवडीचा दिवस

क्लायंटची चाचणी कार्यालयातल्या वायफायवर घेण्यात अर्थ नसतो. ज्याच्या घरचे नेट सर्वांत अशक्त आहे, ज्याचा लॅपटॉप सर्वांत जुना आहे आणि ज्याला तंत्राची सर्वांत कमी सवय आहे, अशा कर्मचाऱ्याच्या घरी तीन कामे करून पाहावीत: रोजची एक मोठी फाइल उघडून जतन करणे, मधेच वायफाय बंद करून मोबाइलवर येणे आणि लॅपटॉप झोपवून तासाभराने जागा करणे. तिसऱ्या कसोटीत भले भले क्लायंट जोडणी चालू असल्याचे दाखवत राहतात, पण फोल्डर गोठलेले असते. प्रोग्राम उतरवताना शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या दुव्यावर जाणे टाळावे, कारण नामांकित क्लायंटांच्या हुबेहूब पण विषारी प्रती पसरवण्याचे प्रकार घडलेले आहेत. उतरवलेली मूळ फाइल कार्यालयानेच द्यावी.

आणि एक चाचणी बहुतेकांच्या यादीत नसते, ती म्हणजे माणूस सोडून जाण्याची. आर्टिकलशिप संपते, नोकरी बदलते, लॅपटॉप लोकलमध्ये राहून जातो. सर्वांना मिळून एकच पासवर्ड दिलेला असेल, तर एका जाण्याने सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो आणि म्हणून तो बदललाच जात नाही. वायरगार्डमध्ये त्या यंत्राची एक ओळ सर्व्हरवरून खोडली की त्याची वाट बंद होते; ओपनव्हीपीएनमध्ये प्रमाणपत्र रद्द करून रद्द-यादी सर्व्हरला पुन्हा द्यावी लागते आणि ही दुसरी पायरी अनेक ठिकाणी राहून जाते. व्यवस्था बसवून देणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्यासमोर एक खोटे खाते उघडावे, ते रद्द करायला लावावे आणि त्याच खात्याने घरून जोडून पाहावे; जोडले गेले, तर काम अजून पुरे झालेले नाही.